तिघांत चार

तोमोए कुसुमीला मान हलवायला मी शिकवलं.

तोक्योशेजारच्या चिबात कर्णबधिर शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवत होते. त्या काळी आमच्या वर्गात हातांनी बोलायला बंदी होती. मुलांनी समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचं आणि तोंडानं उत्तर द्यायचं, असा नियम. हातांची भाषा मुलं मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकमेकांकडून शिकत. मी ती त्यांच्याकडूनच शिकले, आणि तेही फार उशिरा. ओठांवरून दहातले तीन-चार शब्द कळतात, बाकीचे अंदाजानं भरून काढायचे. म्हणून आम्ही सांगायचो, समोरचा बोलत असताना अधूनमधून मान हलवा, चेहरा हसरा ठेवा, म्हणजे माणूस चिडत नाही. तशी आमच्याकडे ऐकू येणारी माणसंही समोरच्याच्या बोलण्यावर सारखी मान हलवत असतात. 'ऐकतोय, चालू द्या,' एवढाच त्याचा अर्थ. तोमोए या धड्यात वर्गात पहिली होती.

खरं तर ती मान हलवून गप्प बसणारी मुलगी नव्हती. आठ वर्षांची असताना शाळेच्या वार्षिक अंकातल्या वर्गाच्या फोटोखाली नावं एकेक जागा पुढं सरकली होती. पाच शिक्षकांनी तपासून त्याच्या दोनशे प्रती छापल्या होत्या. तोमोए माझ्या टेबलाशी आली, फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि खालचं नाव दाखवलं. ते शाळेच्या शिपायाचं होतं. ती हसली नाही. चूक सापडली की ती हसायची नाही, कपाळाला एक बारीक आठी पडायची, झालं.

पुढं ती ड्रॉइंगचा अभ्यासक्रम करून तोक्योतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत लागली. सुरुवातीला यंत्रभागांची ड्रॉइंग काढायची, मग तपासायला लागली. कारखान्यात जाण्याआधी प्रत्येक ड्रॉइंग तिच्या टेबलावरून जायचं. एका भागाला आठ छिद्रं आणि त्याला जोडायच्या दुसऱ्या भागाला सहा, असल्या चुका तिच्या लाल पेन्सिलीतून सुटत नसत. तिचे विभागप्रमुख हामासाकी एकदा शाळेच्या कार्यक्रमाला आले होते. मला म्हणाले, "बाई, कुसुमीनं ड्रॉइंग परत पाठवलं की आमची पोरं कुरकुरतात. आणि परत पाठवलं नाही की तिला बरं नाही का, म्हणून मला विचारायला येतात."

अशी एकवीस वर्षं गेली. मग ती कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सगळे तोंडावर मास्क लावून वावरत होते ते दिवस. मुख्य कचेरीतून दोन गृहस्थ आले आणि तोमोएला एका खोलीत बसवून वीस मिनिटं बोलले. दोघांच्या तोंडावर मास्क. ओठ दिसत नाहीत म्हटल्यावर तिला दहातला एकही शब्द कळला नाही. 'लिहून द्या' म्हणायचं तिच्या मनात आलं होतं, पण ते इतक्या आदबीनं बोलत होते की मध्येच वही पुढं सरकवणं तिला उद्धटपणाचं वाटलं. म्हणून तिनं चेहरा हसरा ठेवला आणि अधूनमधून मान हलवली. आम्ही शिकवल्याप्रमाणे.

दोन आठवड्यांनी बदलीचा कागद आला. 'आपल्या संमतीनुसार' अशी त्याची सुरुवात होती. तिनं लेखी विचारलं, संमती कधी दिली? उत्तर आलं, त्या दिवशी दिलीत, आम्ही दोघंही हजर होतो.

बदली झाली ती शेतावर.

आपल्याकडच्या कायद्यानं शंभर नोकरांमागं अडीच अपंग माणसं ठेवावीच लागतात. नाही ठेवली तर सरकारकडून आधी समज येते आणि मग कंपनीचं नाव जाहीर होतं. कचेरीत अशा माणसांसाठी काम शोधा, जागा करा, सगळ्यांना समजावून सांगा, हे कुणाला नको असतं. मग शहरापासून दूर पॉलिहाऊस उभारून ती कंपन्यांना भाड्यानं देणारे लोक निघाले. चिबाच्या उत्तरेला अशीच एक जागा आहे. पॉलिहाऊसच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या दारावर वेगळ्या कंपनीची पाटी. एका घरात तीन माणसं ठेवायची, हा तिथला नियम. माणसं त्या त्या कंपनीची, पगार कंपनीचा, मोजणीही कंपनीच्या खात्यात. चौदा नंबरचं घर तोमोएच्या कंपनीचं.

घरात तिच्यासोबत दोघं होते. नेझू अठ्ठावन्न वर्षांचे, पूर्वी एका खाणावळीत आचारी. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, जीभ शाबूत राहिली. आणि चिनामी, चौतीस वर्षांची, आकडे आणि अक्षरं तिला जमत नाहीत. याआधी तीन ठिकाणांहून तिला काढलं होतं. इथं तिला कुणी ओरडत नव्हतं. रोज सकाळी ती प्रत्येक रोपाला 'सुप्रभात' म्हणायची. तोमोएकडून महिन्याभरात तिनं शंभरेक खुणा उचलल्या. माझ्या काही सहकाऱ्यांना तीस वर्षांत तेवढ्या आल्या नाहीत.

नेझूंसाठी तोमोए वही ठेवायची. ते डाव्या हातानं वेडंवाकडं लिहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं, "तुला माहितीय का, तू दोन आहेस?"

तिला कळेना.

"सरकारी मोजणीत. ज्याचं अपंगत्व जास्त त्या एकट्याला दोन धरतात. तुला अजिबात ऐकू येत नाही, म्हणजे तू दोन. मी एक, चिनामी एक. आपण तिघं मिळून चार." आणि खाली, "मग डबा एकच कसा आणतेस?"

तोमोए मला हे सांगताना हसली होती. मग म्हणाली, "बाई, मी दोन माणसं आहे आणि एका माणसाचंही काम नाहीये मला."

काम खरंच नव्हतं. कमरेएवढ्या उंचीचे वाफे. त्यांत लेट्यूस, मुळा आणि कोमात्सुना ही पालेभाजी. पाणी यंत्रानंच सुटायचं. सकाळी नऊला बस उतरवायची, दहाला सगळं उरकायचं. मग तीनपर्यंत पानं पुसायची. नेझू म्हणायचे, "आज पुसायला धूळसुद्धा नाही. थांबा, जरा बाहेर पाय आपटून येतो."

भाजीच्या पिशव्या दर गुरुवारी मुख्य कचेरीत जात. त्यांवर चिठ्ठी असायची, 'आपल्या सहकाऱ्यांनी मायेनं पिकवलेली.' लोक फुकट घरी न्यायचे. हामासाकी दर वेळी तीन पिशव्या उचलायचे आणि तोमोएला मोबाईलवर मजकूर धाडायचे. "मुळा उत्तम. काल पुन्हा एक चुकीचं ड्रॉइंग कारखान्यात गेलं."

तिनं नोकरी का सोडली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. चाळिशी ओलांडलेल्या, ऐकू न येणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? पगार पूर्वीइतकाच येत होता. तिची आई तर रोज म्हणायची, "काम नाही आणि पगार आहे, याला लोक नवस करतात. कृतज्ञ राहा." तक्रार करायची तर कशाची? कुणी तिला टाकून बोललं नव्हतं. सगळे आदबीनं वागत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत.

गेल्या नोव्हेंबरात कचेरीतून वाकात्सुकी नावाच्या बाई आल्या. विविधता आणि समावेश विभागाच्या नव्या प्रमुख. चाळिशीच्या, हसतमुख. कचेरीतले बूट काढून त्यांनी शेतावरचे रबरी बूट घातले, ते दोन मापं मोठे होते. टीव्हीवरून शिकलेल्या दोन खुणा त्यांना येत होत्या, 'आभार' आणि 'एकत्र'. त्या दोनांवर त्यांनी तासभर निभावून नेलं. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. बाई जे करायच्या ते मनापासून.

विविधता सप्ताहाच्या भित्तिपत्रकासाठी फोटो हवे होते.

"कुसुमी-सान, मुळा जरा वर धरा. हां. नेझू-सान, हसा की थोडं."

"अर्ध्याच तोंडानं येतं," नेझू म्हणाले. "ती बाजू हवी असेल तर इकडून घ्या."

फोटो झाल्यावर तोमोएनं खिशातून पाकीट काढलं. पत्र तिनं महिन्याभरापूर्वीच लिहून ठेवलं होतं. हामासाकी मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि ड्रॉइंग तपासायला विभागात कुणी उरणार नव्हतं. मला परत घ्या, एवढंच पत्रात होतं. सोबत एकवीस वर्षांतल्या, तिनं वेळीच पकडलेल्या चुकांची यादी.

वाकात्सुकी बाईंनी पत्र तिथंच उभ्यानं वाचलं. मग वहीत लिहिलं, "मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी प्रयत्न करते." लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, असं नेझूंनी नंतर सांगितलं. "आणि कांद्याचा वाफा तर नाही आपल्याकडे," हेही सांगितलं.

फेब्रुवारीत कचेरीत बोलावणं आलं. या वेळी दुभाषी आणायची मुभा होती. तोमोएनं मला विचारलं. इमारतीच्या दाराशी तिनं मला थांबवलं.

"बाई, त्या बोलतील ते सगळं सांगायचं. गोड करून सांगायचं नाही."

"मी कधी गोड करून सांगितलं?"

"शाळेत. नेहमी."

अकराव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. भिंतीवर मुळा धरलेली तोमोए होती, माणसाएवढी. वाकात्सुकी बाईंनी कुणी बाहेरून आलेल्याला करतात तसा चहा आमच्यापुढं ठेवला.

"ड्रॉइंग विभागाशी मी तीनदा बोलले," त्या म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, आसपासच्यांवर ताण येईल."

मी ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. तोमोए म्हणाली, "एकवीस वर्षं कुणावर आला नाही."

"हो. मी तेच म्हणाले. त्यांना मी मनवू शकते, थोडा वेळ लागेल. खरी अडचण शेतावरची आहे." त्यांनी कप उगाचच बशीवर फिरवला. "तुम्ही आलात तर चौदा नंबरात दोघंच उरतात. तिघं नसतील तर ते घर चालू ठेवत नाहीत. मग नेझू-सान आणि चिनामी-सान यांना एप्रिलनंतर ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी कचेरीत काम नाही."

हे सांगताना माझे हात मंदावले. तोमोएनं टेबलावर बोट आपटलं. पुढे.

"तुमच्या जागी कुणी मिळालं, तर काही प्रश्नच नाही. मात्र तुमच्यासारखंच हवं." 'दोन' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. "तुमच्या शाळेतलं कुणी?"

हेही मला तिला सांगावं लागलं.

मी तोमोएच्या मानेकडे बघत होते. वाकात्सुकी बाई बोलत असताना पूर्ण अर्धा तास ती मान एकदाही हलली नव्हती, आणि समोरच्या बाई त्यामुळे घामाघूम झाल्या होत्या. आमच्याकडे समोरची व्यक्ती मान हलवत नसली की भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

"तर... आपल्याला हे पटलं, असं लिहू का इतिवृत्तात?"

"समजलं," तोमोए म्हणाली. "पटलं नाही. दोन्ही वेगवेगळं लिहा."

त्यांनी लिहिलं. तेवढं त्यांनी केलं.

स्टेशनाजवळच्या एका दुकानात आम्ही उदोन, म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, मागवून बसलो. तोमोएनं वाटीला हात लावला नाही.

"आहे कुणी?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण शिक्षकाला विद्यार्थ्यांची यादी पाठ असते, विचारलं की नाव वर येतंच. मुरोई योशितो, तोमोएच्या सहा वर्षं आधीचा. तीस वर्षं भिंगं घासायचं काम केलं. कारखाना बंद पडून दोन वर्षं झालेली. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, बाई, काहीही काम असलं तरी सांगा, झाडू मारायचंसुद्धा.

मी नाव सांगितलं. तोमोएनं ते हातांनी पुन्हा करून बघितलं.

"भिंगं घासायचा? चांगली?"

"त्याची भिंगं दुर्बिणींत जायची."

तिनं डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसानं डोळे मिटले की त्याच्याशी कुणालाच बोलता येत नाही. मी माझं उदोन संपवलं.

नंतर ती स्वतः त्याला भेटायला गेली. मीही होते. मुरोईच्या बायकोनं तांदळाच्या कुरकुरीत चकत्या काढल्या. तोमोएनं काही लपवलं नाही. सगळं सांगितलं. पॉलिहाऊस, बस, दहा वाजता संपणारं काम.

"दहाला?" मुरोईनं विचारलं. "मग घरी?"

"नाही. तीनपर्यंत तिथंच."

"पगार पूर्ण?"

"पूर्ण."

तो बायकोकडे बघून हसला. "ही मला घाबरवायला आलीय का बोलवायला?"

"मुरोई-सान, तिथं काही नाहीये. तुमचे हात तिथं कुणाला नकोत."

"माझे हात दोन वर्षं इथंही कुणाला नकोत," तो म्हणाला. "सकाळी उठून मी काय करतो माहितीय? हिनं घासलेली भांडी पुन्हा घासतो. ही ओरडते. निदान तिथं बसमध्ये चढायचं असतं. शेजारी कुणी बसतं."

बायको मध्येच म्हणाली, "न्या हो याला. माझ्या पातेल्यांचं अस्तर निघालं."

तोमोएनं त्याला दोनदा विचारलं, नक्की? दोन्ही वेळा त्यानं हो म्हटलं. परतताना ती मला म्हणाली, "त्याला हवंय, बाई. मी खोटं बोलले नाही ना?" नाही, मी म्हटलं. ते खरं होतं. तिला त्या वाफ्यांतून सुटायचं होतं, हेही खरं होतं. फलाटावर ती दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिली. याचा अर्थ तिला आणखी बोलायचं नव्हतं.

तिनं नाव पाठवलं. कंपनीनं दोन आठवड्यांत मुरोईला घेतलं. हामासाकींनी तोमोएला कळवलं की तुझं जुनं टेबल मी स्वतः पुसून ठेवलंय, खिडकीकडचं. तिनं ड्रॉइंगच्या नव्या प्रमाणांचं पुस्तक विकत आणलं आणि पानं पुसून झाल्यावर शेतावर बसून वाचायला लागली. चिनामीला तिनं स्वतः सांगितलं. चिनामीनं खूण केली, "तू जाणार. नवा येणार. नवा हातांनी बोलतो?" बोलतो म्हटल्यावर ती रोपांनाही तेच सांगत फिरली. नेझूंनी वहीत लिहिलं, "जा. मागं बघितलंस तर मुळा फेकून मारीन. डाव्या हातानं. म्हणजे कुणालाही लागेल."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाकात्सुकी बाईंचं पत्र आलं. तोमोएनं ते मला दाखवलं. फार नीट लिहिलेलं होतं. येत्या जुलैपासून कायद्यातलं प्रमाण वाढत आहे. त्यामुळे कंपनीनं पंधरा नंबरचं घरही भाड्यानं घेतलं आहे. मुरोई-सान यांची नेमणूक तिथं होत आहे, सोबत आणखी दोघं. चौदा नंबर आहे तसंच चालू राहील, ही सर्वांच्याच आनंदाची बाब आहे. ड्रॉइंग विभागात परतण्याची आपली विनंती पुढच्या वर्षीच्या आढाव्यात अवश्य विचारात घेतली जाईल. माणूस मिळवून दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या परिचयातलं आणखी कुणी असल्यास कृपया कळवावं.

खाली हातानं लिहिलेली एक ओळ होती. 'मी हरले. क्षमा करा.' मला वाटतं, तीही खरीच होती.

तोमोएनं उत्तर पाठवलं नाही. प्रमाणांचं पुस्तक तिनं दुकानात परत नेलं, पण पानांवर खुणा केलेल्या असल्यामुळे त्यांनी घेतलं नाही. मग ते तिनं हामासाकींना निवृत्तीची भेट म्हणून दिलं. त्यांना ते कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

एक एप्रिलला मुरोई कामावर आला. नवे बूट, इस्त्री केलेला शर्ट. बसमध्ये तो तोमोएशेजारी बसला आणि सगळा रस्ता बोलत राहिला. दोन वर्षांचं साठलं होतं. पंधरा नंबरात त्यानं एकट्यानं सगळे वाफे उरकले. भिंग घासावं तसं प्रत्येक पान उजेडाकडे धरून पाहिलं. तोमोए चौदातून बघत होती. दोन घरांच्या मध्ये दोन हात जागा आणि प्लास्टिकचे दोन पडदे आहेत. पलीकडचा माणूस धुरकट दिसतो, पण हात ओळखू येतात.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो प्लास्टिकजवळ आला.

"झालं," त्यानं हातांनी म्हटलं. "आता काय करायचं?"

तो तिथंच उभा राहिला. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हात मोठे करून. प्लास्टिकमुळे तिला दिसलं नसेल, असं त्याला वाटलं.

तोमोए बाहेर पडली, वळसा घालून पंधरा नंबरात गेली. तिथली कोमात्सुनाची कोवळी रोपं दाट झाली होती, विरळ करण्यासारखी. तिनं त्याला एक रांग दाखवली.

"एकच रांग करायची," ती म्हणाली. "मग बसायचं. मग दुसरी रांग. आज सगळं संपवलंत तसं उद्या करू नका. अकरानंतर वेळ फार लांब असतो."

मुरोईनं एक रोप उपटलं. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अजून सावकाश."

मग ती त्याच्या शेजारी बसली आणि पुढचं रोप किती वेळात उपटायचं, ते त्याला करून दाखवलं.